शिरोडकरांचा टाका आणि आपण काढून टाकलेल्या पिशव्या

चौथ्या ते सातव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ पडणाऱ्या बाईला सांगण्यासारखं १९५०च्या आसपास डॉक्टरांकडे फार थोडं होतं. पडून राहा, हार्मोनची इंजेक्शनं घ्या, आणि पुढचं देवावर सोडा. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि जे. जे. रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्र शिकवणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ साली मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' मासिकात लिहिलं, की यातल्या अनेकींना विश्रांतीचा उपयोग नाही आणि हार्मोनचाही नाही. त्यांच्या गर्भाशयाचं आतलं तोंड सैल आहे, त्यामुळे गर्भ वाढू लागला की ते कळांशिवायच उघडतं. ते बांधता येतं, आणि पोटात गर्भ असतानाच बांधता येतं. आज जगातल्या कुठल्याही मोठ्या प्रसूतिगृहात 'शिरोडकर' एवढंच म्हटलं तरी हा टाका समजतो.

आता याच राज्यातली दुसरी गोष्ट. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्या जात असल्याची ओरड २०१९ साली झाली, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहा जणींमागे एकीचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभराचं प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडं वर आहे. दोन्ही पाहण्यांतल्या बायकांची वयं आणि कामं सारखी नाहीत हे धरूनही फरक अंगावर येतो. गर्भाशय वाचवण्याच्या शस्त्रक्रिया ज्या शहरात रचल्या गेल्या, तिथून एसटीच्या एका रात्रीच्या प्रवासावर ही स्थिती आहे.

माझं म्हणणं असं, की या दोन गोष्टी एकमेकींना लागून आहेत. शिरोडकरांचं नाव आपण टाक्यापुरतं ठेवलं, आणि ज्या शिस्तीतून तो टाका आला ती शिस्त वाऱ्यावर सोडली. त्यामुळे नको तिथे टाका पडतो, आणि दुरुस्तीने भागलं असतं तिथे पिशवी काढली जाते. दोन्हींचं मूळ एकच आहे: नेमकं काय बिघडलं आहे, हे न बघता हातात सुरी घेणं. यावरचा इलाज केवळ शस्त्रक्रियेआधी घ्यायच्या सरकारी परवानगीच्या कागदात सापडणार नाही. तो वैद्यकीय शिक्षणात, तपासणीच्या टेबलावर आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पडताळणीत शोधावा लागेल.

शिरोडकर मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, जन्म १८९९चा. शाळा हुबळीला आणि पुण्याला झाली, १९२३ला ग्रँट मेडिकल कॉलेजातून एम.बी.बी.एस., १९२७ला एम.डी., आणि १९३१ला इंग्लंडची एफ.आर.सी.एस. परत आल्यावर ते त्याच कॉलेजात प्राध्यापक झाले. १९६०ला पद्मभूषण आणि १९७१ला, मृत्यूच्या वर्षी, पद्मविभूषण. चरित्राचा हा भाग कुठेही सापडतो. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांच्या शस्त्रक्रियांमधलं आतलं नातं. टाका, अंग बाहेर येण्यावरची दुरुस्ती, बंद पडलेल्या गर्भनलिका उघडण्याचे प्रयत्न, ही सगळी एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत: बाईला पुढे मूल हवं असेल तर या अवयवातला कुठला भाग आपण अजिबात दुखवायचा नाही?

आधी टाकाच नीट पाहू, कारण नाव सगळ्यांना ठाऊक असूनही मूळ शस्त्रक्रिया फारच थोड्यांनी पाहिलेली असते. शिरोडकरांनी पहिल्यांदा सुती किंवा रेशमी धागा वापरला नव्हता. त्यांनी बाईच्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर असणारं जाड, चिवट पांढरं आवरण, म्हणजे फेशिया लाटा, घेतलं. त्याची जेमतेम पाव इंच रुंदीची लांब पट्टी कापली आणि दोन्ही टोकांना लिननचा भक्कम धागा ओवला. मग गर्भाशयमुख खाली ओढून पुढच्या बाजूला, मूत्राशय जिथे चिकटलेलं असतं तिथे, योनीच्या त्वचेला आडवा छेद दिला. मूत्राशय बोटाने अलगद सोडवून वर ढकललं. सगळी मेख या पायरीत आहे. मूत्राशय वर सरकल्याशिवाय आतल्या तोंडाच्या पातळीपर्यंत हात पोचत नाही, आणि खाली बांधलेला टाका सैल भागाच्या खालीच राहतो. नंतर गर्भाशयमुख वर उचलून मागच्या बाजूला उभा छेद. या दोन छेदांमधून, त्वचेच्या आतून, अ‍ॅन्युरिझम नीडल या बोथट वाकड्या सुईने पट्टी उजवीकडून आणि डावीकडून फिरवली. दोन्ही टोकं एकत्र आणून तोंड बंद होईल इतपत आवळली, एकमेकांवर शिवली, आणि वरून त्वचा कॅटगट या आपोआप विरघळणाऱ्या धाग्याने मिटवली. पट्टी पूर्ण गाडली गेली, बाहेर काहीच उरलं नाही.

फार आवळलं तर मुखाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पट्टी मांसात कापत जाते. सैल राहिलं तर पाण्याची पिशवी त्यातून खाली उतरते. बाजूने सुई नेताना ती फार बाहेर गेली तर गर्भाशयाच्या धमनीच्या शाखा लागतात आणि रक्त थांबता थांबत नाही. गरोदरपणात या भागाचा रक्तपुरवठा किती वाढलेला असतो, हे ज्याने पाहिलंय त्याला या ओळीचा अर्थ कळेल.

दोनच वर्षांनी, १९५७ला, मेलबर्नच्या इयन मॅक्डोनाल्ड यांनी सोपी रीत मांडली. छेद नाही, मूत्राशय सोडवणं नाही. मुख आणि योनी जिथे मिळतात तिथे जाड धाग्याचे चार-पाच टाके गोल फिरवायचे आणि बटव्याची नाडी ओढावी तसं तोंड आवळायचं. वेळ कमी, रक्त कमी, काढायला सोपा. साहजिकच जगभर हीच रीत जास्त चालली. आज आपल्याकडे 'शिरोडकर टाका घातला' असं कागदावर लिहिलेलं असतं तेव्हा प्रत्यक्षात पुष्कळदा मॅक्डोनाल्डचा टाका असतो. त्यात गैर काही नाही, मात्र नोंद खरी हवी. पुढच्या गरोदरपणात दुसऱ्या डॉक्टरला कळायला हवं की मागचा टाका किती वर होता आणि कुठल्या धाग्याचा होता. शिरोडकर पद्धतीत आता फेशियाऐवजी ५ मिलिमीटर रुंद मर्सिलिन टेप, म्हणजे कृत्रिम धाग्याची विणलेली पट्टी, वापरतात. ती गाडलेली असते, त्यामुळे काढताना कधी कधी पुन्हा भूल द्यावी लागते.

काढण्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगायला हवं. टाका साधारण १२ ते १४ आठवड्यांत घालतात आणि ३६ ते ३७ आठवड्यांत काढतात. त्याआधी कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, किंवा ताप येऊन आत जंतुसंसर्ग झाल्याचं दिसलं, तर टाका लगेच काढायचा. आवळलेल्या तोंडावर कळा येत राहिल्या तर गर्भाशयमुख फाटतं, क्वचित गर्भाशयही. म्हणून टाका घातलेल्या बाईच्या कार्डावर लाल अक्षरात तारीख, पद्धत, धागा आणि गाठ कुठे आहे, पुढे की मागे, हे लिहिलेलं असायलाच हवं. बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या आपल्या बायका टाका एका गावात घालून घेतात आणि कळा दुसऱ्या गावात देतात. कार्ड कोरं असेल तर तिथल्या नर्सला टाका आहे हेही ठाऊक नसतं.

आता अंग बाहेर येण्याचा आजार, कारण शिरोडकरांच्या विचाराची खोली इथे जास्त दिसते. लागोपाठची बाळंतपणं, घरी लांबलेल्या कळा, बाळंतिणीने आठवड्यात डोक्यावर घेतलेला हंडा, या सगळ्याने गर्भाशय धरून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात आणि मुख योनीबाहेर येतं. काहींमध्ये एकही बाळंतपण न होता येतं, कारण ऊतीच मुळात दुबळ्या असतात. इंग्लंडमध्ये यावर मँचेस्टर शस्त्रक्रिया रूढ होती. लांबलेलं गर्भाशयमुख कापायचं आणि दोन्ही बाजूंचे अस्थिबंध पुढे आणून उरलेल्या बुंध्यावर शिवायचे. गर्भाशय राहतं खरं, पण मुख गेलं की दोन संकटं उभी राहतात. तोंड सैल पडून पुढचे गर्भ पडतात, किंवा वण आखडून तोंड बाळंतपणात उघडतच नाही. शिरोडकरांनी यातून मुख कापण्याची पायरीच काढून टाकली. मागच्या बाजूचे युटेरोसॅक्रल अस्थिबंध, म्हणजे गर्भाशयमुखाला कण्याच्या तळाच्या हाडाशी, त्रिकास्थीशी, बांधणारे पट्टे, मुळाशी सोडवून ते पुढे आणायचे आणि मुखाच्या समोर एकमेकांवर ओलांडून शिवायचे, म्हणजे मुख मागे आणि वर खेचलं जातं. जो माणूस एकीकडे सैल मुखामुळे गर्भ पडलेल्या बायका तपासत होता, त्यानेच दुसरीकडे मुख कापणं थांबवावं, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. एका आजाराचं निरीक्षण दुसऱ्या आजाराच्या शस्त्रक्रियेत उतरलं.

ज्या तरुण मुलींचे अस्थिबंधच कमकुवत, तिथे हे बळ अपुरं पडतं. त्यांच्यासाठी शिरोडकरांची पोटातून करायची स्लिंग आहे. गर्भाशयाची मान (म्हणजेच गर्भाशयमुख) आणि शरीर जिथे जुळतात तिथे मागच्या बाजूला पट्टी शिवायची. तिची टोकं पोटाच्या अस्तराखालून मागे नेऊन त्रिकास्थीच्या वरच्या कडेला, हाडाच्या पुढच्या मजबूत अस्थिबंधाला बांधायची. उजवीकडून वाट सरळ आहे. डावीकडे मोठ्या आतड्याचा सिग्मॉइड भाग आडवा येतो, म्हणून पट्टी कण्यालगतच्या सोआस स्नायूवर केलेल्या फासातून वळवून न्यावी लागते. वाटेत मूत्रवाहिनी आहे, डावी मोठी शीर आहे, त्रिकास्थीवरच्या पातळ शिरा आहेत. तिथली एक शीर फुटली तर ती हाडात आखडून जाते आणि चिमट्यात सापडत नाही. तरबेज हाताखेरीज हे काम करू नये.

मुंबईच्याच डॉ. पुरंदऱ्यांची सर्व्हायकोपेक्सी, म्हणजे गर्भाशयाची मान वर बांधण्याची शस्त्रक्रिया, वेगळ्या वाटेने जाते. पट्टी मानेच्या पुढच्या बाजूला शिवून पोटाच्या सरळ स्नायूंच्या आवरणाला जोडलेली असते. बाई खोकली किंवा वजन उचललं की पोटाचे स्नायू आवळतात आणि तेच गर्भाशय वर ओढतात. मागचे धोके यात टळतात, पण गर्भाशय पुढे झुकल्यामुळे मागची पोकळी उघडी राहते आणि पुढे तिथून आतड्याचा फुगा खाली येऊ शकतो. दोन्ही पद्धतींना आपापली बाजू आहे, आणि कोणती वापरायची हे त्या बाईच्या कुठल्या भिंतीने दगा दिलाय यावर ठरतं. मुंबईच्या त्या पिढीचा हा वाद एकाच गृहीतावर उभा होता. बाई तिशीच्या आत असेल तर गर्भाशय राहायलाच हवं. प्रश्न फक्त ते कुठे बांधायचं एवढाच.

शिरोडकरांच्या बाजूने बोलताना त्यांच्या कामाची उणीव झाकणं बरोबर होणार नाही. त्यांनी मांडलं ते स्वतःच्या रुग्णांचं निरीक्षण होतं. टाका न घातलेल्या तशाच बायकांशी तुलना नव्हती, आणि तेव्हा कुठेच तशी पद्धत रुळलेली नव्हती. मागचे गर्भ पडले आणि या वेळी राहिला, एवढ्यावरून टाक्याला श्रेय देता येत नाही, कारण काहींचा पुढचा गर्भ टाक्याविनाही राहतो. टाका जगभर पसरला आणि पक्क्या चाचण्या त्याच्यामागून अनेक वर्षांनी आल्या. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत १२९२ बायका होत्या. टाका घ्यावा की नाही, याबद्दल ज्यांच्या डॉक्टरांनाच खात्री नव्हती अशाच बायका त्यात घेतल्या होत्या. ३३ आठवड्यांच्या आत प्रसूती टाक्याच्या गटात १३ टक्के, बिनटाक्याच्या गटात १७ टक्के. म्हणजे पंचवीस जणींना टाका घातला तर एकीचा फायदा. बाळंतपणानंतरचा ताप टाक्यावाल्यांत दुप्पट. मात्र ज्यांचे तीन किंवा अधिक गर्भ उशिरा पडले होते वा मुदतीआधी जन्मले होते, त्यांच्यात हेच प्रमाण १५ टक्के आणि ३२ टक्के निघालं. टाका खरोखर कुणासाठी आहे, याचं उत्तर त्या आकड्यात आहे, आणि शिरोडकरांनी निवडलेल्या बायका याच जातीच्या होत्या.

२००४ सालची दुसरी चाचणी आणखी बोलकी आहे, आणि तिच्यात टाका शिरोडकर पद्धतीचाच होता. ४७,१२३ गरोदर बायकांच्या गर्भाशयमुखाची लांबी योनीतून सोनोग्राफी करून मोजली. ज्यांची १५ मिलिमीटर किंवा कमी भरली त्यांतल्या २५३ जणींची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. ३३ आठवड्यांच्या आत प्रसूती टाका घातलेल्यांत २२ टक्के, न घातलेल्यांत २६ टक्के. हा फरक योगायोगानेही येऊ शकतो एवढाच. मागे कधी गर्भ न गमावलेल्या बाईला केवळ मान आखूड दिसते म्हणून टाका घालण्यात हशील नाही. तिला योनीत ठेवायचं २०० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन रोज देणं जास्त शहाणपणाचं. जुळ्यांमध्ये मान आखूड आहे म्हणून घातलेल्या टाक्याने तर अपुऱ्या दिवसांची प्रसूती वाढल्याचंच दिसून आलंय. आणि मागे उशिरा गर्भ गेलेला असून चोवीस आठवड्यांच्या आत मान २५ मिलिमीटरच्या खाली आली, तर टाका जरूर द्यावा.

हे मोजमाप तरी नीट होतं का? पोटावरून, भरल्या मूत्राशयाने केलेल्या सोनोग्राफीत मान खोटीच लांब दिसते. बाईने लघवी करून यावं, प्रोब योनीत ठेवताना तो मुखावर दाबू नये, आतलं आणि बाहेरचं तोंड दोन्ही एका चित्रात दिसावं, तीनदा मोजावं आणि सर्वांत कमी आकडा धरावा. जेमतेम पाच मिनिटांचं काम आहे. पोटावरून काढलेल्या एका चित्रावर 'तोंड उघडतंय' म्हणत घाबरलेल्या जोडप्याला त्याच संध्याकाळी टाक्यासाठी भरती करणं, हे शिरोडकरांच्या नावाने चालणारं पण त्यांच्या पद्धतीच्या उलट वागणं आहे.

आता पिशवी. ऊसतोडीच्या मुलखात बाई डॉक्टरकडे येते ती तीन-चार तक्रारी घेऊन: अंगावरून पांढरं जातं, अंगावरून लाल जास्त जातं, कंबर दुखते, ओटीपोटात दुखतं. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. फडात ना संडास, ना पुरेसं पाणी. पाळीच्या कापडाची सोय नाही, मोळी डोक्यावर. या स्थितीत जंतुसंसर्ग होणारच, आणि पाळी हाच कामातला अडथळा वाटू लागणार. 'पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, दोन मुलं झालीत, काढून टाका' हे वाक्य त्या बाईला पटतं, कारण ते तिच्या अडचणीला लगेच उत्तर देतं. ती स्वतःहून मागते, असं डॉक्टर म्हणतात तेव्हा ते खोटं नसतं. पण तिने मागितलं ते दुखण्यातून सुटका. गर्भाशय काढणं हा त्या सुटकेचा एकच मार्ग आहे, हे तिला कुणीतरी सांगितलेलं असतं.

पांढरं जाण्यासाठी गर्भाशय काढणं हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडी धरणारं उपकरण, घालून बघितलं तर पुष्कळदा साधा बुरशीचा किंवा जिवाणूंचा संसर्ग असतो, आणि आठवडाभराच्या औषधाने तो बरा होतो. काही संसर्गांत नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं, नाहीतर परत येतो. मुखावर दिसणारा लालसर भाग, ज्याला 'पिशवीच्या तोंडाला जखम' म्हणून सांगितलं जातं, तो तरुण बायकांमध्ये बहुतेक वेळा नैसर्गिक असतो. कॅन्सरची शंका असेल तर ती तपासायची. मुखावर ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक आम्ल लावायचं, एक मिनिट थांबायचं, पांढरा ठिपका उमटतो का बघायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकवलेली परिचारिका हे करू शकते. भीती घालायला एक वाक्य लागतं, आणि ती खरी की खोटी हे ठरवायला एक मिनिट. ते मिनिट त्या बाईला मिळत नाही, याचा मला संताप येतो.

लाल जास्त जाण्याची कारणं २०११पासून जगभर एकाच चौकटीत लावली जातात. एका बाजूला रचनेतले बिघाड: पॉलिप (अस्तरावरचा कोंब), अ‍ॅडिनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं), फायब्रॉइड (स्नायूची गाठ), कॅन्सर किंवा त्याची पूर्वावस्था. दुसऱ्या बाजूला रचना धड असूनही होणारा रक्तस्राव: रक्त गोठण्यातला दोष, बीज वेळेवर न सुटणं, अस्तरातला बिघाड, औषधांमुळे झालेला, आणि अजून न उलगडलेला. चाळिशीच्या आतल्या बाईत दुसऱ्या बाजूचं पारडं जड असतं आणि तिथे सुरीला कामच नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, एक सोनोग्राफी. वय ४५च्या पुढे असेल किंवा लठ्ठपणा-मधुमेहासारखा धोका असेल तर अस्तराचा बारीक नळीने घेतलेला तुकडा. मग पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम दिवसातून तीनदा, चार-पाच दिवस, सोबत लोह. एवढ्याने भागलं नाही तर लेव्होनोर्जेस्ट्रेल असलेली हार्मोनची तांबी. तिच्यात ५२ मिलिग्रॅम औषध असतं, रोज सुरुवातीला २० मायक्रोग्रॅमच्या आसपास सुटतं, आणि काही महिन्यांत रक्तस्राव बहुतेक थांबतो. पहिले तीन-चार महिने मधूनमधून डाग लागतात. हे आधी न सांगता तांबी बसवली की बाई दुसऱ्याच महिन्यात ती काढायला येते, आणि डॉक्टर लिहितो, 'औषधोपचार निष्फळ'. तिथून पुढची पायरी शस्त्रक्रियेची असते.

तांबी महाग पडते, काही हजार लागतात, ही तक्रार खरी आहे. पण पिशवी काढण्याचा खर्च, महिनाभर बुडालेला रोज आणि त्यासाठी घेतलेली नवी उचल एका बाजूला ठेवा, आणि अनेक वर्षं चालणारी तांबी दुसऱ्या बाजूला. ऊसतोडीला जाणारी बाई सहा महिने पुन्हा भेटणार नाही, मग गोळ्या कशा चालवायच्या, हाही डॉक्टरांचा खरा प्रश्न आहे. याचं उत्तर म्हणून एकदा बसवली की रोज आठवण लागत नाही असा उपाय हवा, आणि तो हंगामाआधी, सप्टेंबरात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला हवा. परत न येणारी बाई म्हणून तिचा अवयवच काढून टाकायचा, हा न्याय आपण शहरातल्या नोकरदार बाईला लावतो का?

काढल्यानंतर काय होतं, हेही मोकळेपणाने बोलायला हवं. मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या धमनीखालून, मुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते. घाईने लावलेल्या चिमट्यात ती सापडली की लघवी योनीतून गळू लागते, आणि दुसरी, मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. अंडाशयं सोबत काढली तर तिशीतल्या बाईला एका दिवसात म्हातारपण येतं: अंगातून वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, हृदयविकाराचा वाढलेला धोका. अंडाशयं ठेवली तरी त्यांचं काम लवकर थांबण्याची शक्यता वाढते. ज्या कंबरदुखीसाठी पिशवी गेली ती कंबरदुखी मोळीमुळे होती, म्हणून ती राहतेच.

गर्भाशय काढावं लागतं अशा वेळा आहेत, आणि त्या वेळी टाळाटाळ करणंही अपराध आहे. कॅन्सर, मूल पुरे झालेल्या बाईत औषधांना दाद न देणारं अ‍ॅडिनोमायोसिस, भलेमोठे फायब्रॉइड, बाळंतपणात न थांबणारा रक्तस्राव. साठीतल्या बाईचं अंग पूर्ण बाहेर आलं असेल तर योनीतून गर्भाशय काढून तळ नीट बांधणं हा उत्तम उपाय आहे. माझा विरोध शस्त्रक्रियेला नाही. पंचविशीतल्या आणि साठीतल्या बाईला एकच शस्त्रक्रिया मिळते, त्याला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांच्या खटल्यात सगळ्या राज्यांना केंद्राची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. त्यांत राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या आहेत. बीडमध्ये त्याआधीच खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घातली गेली होती. हे सगळं हवंच. पण शल्यचिकित्सकाच्या टेबलावर येतो तो कागद, आणि कागदावर 'अतिरक्तस्राव, औषधांना दाद नाही' हे लिहिणं फार सोपं आहे. परवानगीचा अर्ज कोणी, कुठल्या तारखेपासून, कुठलं औषध, किती दिवस दिलं, हे मागतो का? हिमोग्लोबिनचा आकडा आणि सोनोग्राफीचं चित्र मागतो का? नसेल तर तो अर्ज केवळ शिक्क्यासाठी आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया डोळे मिटून येतील इतक्या दिसतात. स्लिंग, मुख न कापता केलेली अस्थिबंधांची दुरुस्ती, फायब्रॉइड काढून गर्भाशय पुन्हा शिवणं, हे कितीदा त्याच्या हातून होतं? हाताला जे येतं तेच रुग्णाला दिलं जातं, हा शल्यविद्येतला जुना अनुभव आहे. राज्यातल्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात गर्भाशय राखणाऱ्या शस्त्रक्रियांची किमान संख्या ठरवून ती परीक्षेला बसण्याची अट केली, तर दहा वर्षांत तालुक्याच्या गावात वेगळे हात पोचतील. आणि आरोग्य योजनेतून पैसे देताना दुरुस्तीला काढण्यापेक्षा कमी दर ठेवू नये. दुरुस्तीला वेळ जास्त लागतो, कौशल्य जास्त लागतं, आणि दर कमी असला तर कोणीही ती करणार नाही.

शेवटची अट सगळ्यांत स्वस्त आहे, आणि मला ती सगळ्यांत प्रभावी वाटते. काढलेलं प्रत्येक गर्भाशय फॉर्मलिनमध्ये ठेवून तपासणीला जायलाच हवं. ज्या रुग्णालयाकडे पॅथॉलॉजिस्ट नाही त्याने ते जिल्हा रुग्णालयात पाठवावं, खर्च सरकारने सोसावा. रिपोर्टाची एक प्रत बाईच्या हातात, मराठीत, आणि एक देखरेख समितीकडे. वर्षाच्या शेवटी समितीने प्रत्येक रुग्णालयाची दोन रकान्यांची यादी लावावी: शस्त्रक्रियेआधी लिहिलेलं कारण, आणि काचपट्टीवर सापडलेलं कारण. चाळिशीच्या आतल्या बायकांच्या ओळी आधी वाचाव्यात, आणि ज्या रुग्णालयाच्या दुसऱ्या रकान्यात 'दोष आढळला नाही' हे पुन्हा पुन्हा येतं त्याच्या डॉक्टरला समोर बोलवून केसपेपर उघडावेत.